कुत्र्याच्या नावाची सव्वा मूठ

माझ्या धाकट्या भावाला चार माणसांत बसता यावं म्हणून आम्ही कुत्रा आणला, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. मीही हसले असते, पण ते सगळं माझ्या माहेरी, माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि त्या दिवशी मला हसायला सवड नव्हती.

भाऊ एकतीस वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे हे नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो पंधराचा होता. तोवर गाव त्याला याडा म्हणायचं. नंतरही याडाच म्हणत राहिलं, फक्त आमच्या तोंडावर म्हणायचं बंद झालं. तो आमच्या केळीच्या मळ्यात घड मोजतो आणि त्याची मोजणी आजवर कुणाला चुकलेली दाखवता आलेली नाही. व्यापाऱ्याचा माणूस दोनदा मोजतो, तिसऱ्यांदा त्याला विचारतो. बोलतो कमी. गोंगाट मात्र त्याला अजिबात सोसत नाही. फरशीवर स्टीलचं ताट आपटलं, मिक्सर सुरू झाला, दहा माणसं एकदम बोलायला लागली की तो कानांवर हात ठेवतो, मग घशातून एक लांबलचक हुंकार काढतो, आणि तरीही आवाज थांबला नाही तर स्वतःच्या कपाळावर मुठी मारून घेतो. आई तेव्हा दाराबाहेर बसून राहते. आत गेलं तर वाढतं, बाहेर राहवत नाही.

आता कानबाईचं सांगते, कारण सगळं रामायण तिच्यापायी घडलं. कानबाई ही आमच्या खान्देशातली कुळाची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्यासाठी रोट करतात, म्हणजे जाडजूड पोळ्या. त्यांचे गहू कसे घ्यायचे तर भावबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. ऐंशीचा म्हातारा असो की पाळण्यातलं पोर, सव्वा म्हणजे सव्वा. बायकांच्या नावानं मूठ नाही. सुना उरलेल्या पिठाचा रोट खातात, पण दुसऱ्या कुळात जाणाऱ्या लेकींना तोही नाही. मी जन्मभर वाढलाय, चाखलेला नाही. त्यावर मी काकांशी चारदा भांडलेय, तो विषय वेगळा. आमच्याकडे आणखी एक कडक नियम आहे: ज्याच्या नावाची मूठ, त्याचा रोट त्यानंच खायचा, दुसऱ्यानं नाही, आणि उरवायचा तर मुळीच नाही. आणि मूठ बंद होते ती फक्त माणूस मेल्यावर.

भाऊ पंगतीत कधी बसलाच नव्हता. वीस-बावीस माणसं, ताटांचा खणखणाट, शेजारच्यांच्या कानबाईपुढं लागलेला स्पीकर, कोण बसवणार त्याला तिथं? तो मोठा झाल्यावर त्याचं ताट आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातून त्याच्या खोलीत जायचं आणि थोड्या वेळानं रिकामं परत यायचं. भावबंदांचं समाधान व्हायचं. आबा गेले, आणि त्यानंतरच्या कानबाईला ताट आईनं नेलं. ते जसंच्या तसं परत आलं. आईनं झाकून ठेवलं, संध्याकाळी पुन्हा नेलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. तिसऱ्या दिवशी रोटावर बुरशी आली.

झालं. रोट उरला ही बातमी भावबंदकीत पोचायला कितीसा वेळ लागतो? त्या वर्षी मोठ्या काकांच्या विहिरीवरची मोटार जळली, ती रोटामुळं. चुलतभावाची ठरलेली सोयरीक मोडली, ती रोटामुळं. एका चुलतवहिनीच्या गाईला सलग दुसऱ्यांदा गोऱ्हाच झाला, तोही रोटामुळं. मी म्हटलं, मोटार कमी दाबाच्या विजेनं जळाली आणि सोयरीक तुमच्या पोराच्या दारूनं मोडली. पण माझं कोण ऐकतंय, मी लग्न होऊन शहाद्याला गेलेली.

मोठे काका वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते, कारण पुढं मला त्यांचा फार राग येणार आहे. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होते, निवृत्त झाले, पण कारकुनी निवृत्त झाली नाही. ते आईला येऊन म्हणाले, "वहिनी, यंदा तो पंगतमा बसना त ठीक. नही बसना त पुढला सालपाईन त्यान्ही मूठ बंद."

ते गेल्यावर आई मला म्हणाली, "मूठ त मरेल मानुसनी बंद करतस." जिवंत पोराला हे मेल्यात मोजणार. आणि ती सत्तरीची. आज तिच्या धाकानं निदान विचारून तरी बंद करतायत, उद्या ती नसली की विचारणारही नाहीत. तिची झोप उडाली ती तेव्हापासून.

कुत्रा मी त्याच्या आधीच, त्याच वर्षी आणला होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या वर्गात अशी दोन मुलं आहेत, त्यांच्यासाठी वाचताना कळलं की अशा माणसांना सोबत करायला कुत्री शिकवून तयार करतात. पुण्याची एक बाई हे काम करते. तिनं एक लॅब्राडोर शिकवला, मग स्वतः येऊन पंधरा दिवस आमच्या घरी राहिली आणि आम्हालाही शिकवलं. मी तेव्हा रजा टाकली होती. आम्हाला शिकवायला तिला कुत्र्यापेक्षा जास्त त्रास झाला.

कुत्र्याचं काम साधं आहे. भावाचा हुंकार सुरू होण्याआधीच त्याला कळतं, कसं ते देव जाणे. तो त्याच्या हाताखाली नाक घालतो. तेवढ्यानं भागलं नाही तर मांडीवर आडवा पडतो, सगळं वजन टाकून. तो भार अंगावर आला की भावाचा श्वास हळूहळू खाली बसतो. भाऊ बरा झाला असं नाही, तो आजारीच नव्हता तर बरा काय होणार. पण पहिल्या महिन्यात तो ओट्यावर येऊन बसला. पुढं किराणा दुकानापर्यंत गेला. मग एके दिवशी स्टँडवर जाऊन त्यानं एसट्या मोजल्या आणि घरी येऊन आईला आकडा सांगितला. आईनं तो आकडा चार दिवस सगळ्या गल्लीला सांगितला.

एक भानगड होती. कुत्रा पुण्याचा, त्याला सगळ्या आज्ञा पुस्तकी मराठीत शिकवलेल्या. आमच्या घरात सगळे अहिराणी बोलतात. "बस रे" म्हटलं तर तो नुसता बघायचा. आणि आई शुद्ध मराठी बोलली ती आजवर फक्त तलाठी, मास्तर आणि डॉक्टर यांच्याशी, म्हणून कुत्र्यालाही तिच्या तोंडून आपोआप मान मिळाला. "बसा. थांबा. इकडे या." मला, पोटच्या पोरीला, "ये व आठे", आणि कुत्र्याला "इकडे या". त्यात त्याच्या अंगावर लाल जॅकेट, त्यावर 'कामावर आहे' असं लिहिलेलं. गल्लीतल्या लोकांना तो सरकारी वाटला. एकानं मला फार काळजीनं विचारलं, "ह्यान्ही बदली व्हस का कोठे?"

तर यंदाची कानबाई. शुक्रवारी मोठ्या काकांच्या घरी गहू घ्यायचे होते. तो कार्यक्रम भावाचा आवडता, कारण तिथं गोंगाट नसतो आणि मोजायचं असतं. दरवर्षी तो आमच्या नि काकांच्या घरांमधल्या भिंतीच्या खिडकीत उभा राहून वयाच्या क्रमानं एकेका पुरुषाचं नातं पुकारायचा, आणि काकू त्याप्रमाणं सुपात मूठ टाकायची. यंदा तो कुत्र्यासह उंबऱ्यात येऊन बसला. काकूनं पदर डोक्यावर घेतला. तो सुरू झाला, "चुलत आजोबा. एक." काकूनं मूठ टाकली, मग वर पाव मूठ. असं चाललं. आई भिंतीला टेकून त्याच्याकडं बघत होती. एकवीसावर चुलतभावाचा पाच वर्षांचा मुलगा आला. मग तो त्याच सुरात म्हणाला, "कुत्रा. बावीस." काकूच्या हाताला लय लागलेली. तिनं मूठ टाकली, वर पाव मूठ टाकली, आणि मग तिचा हात तसाच हवेत राहिला. भाऊ मात्र थांबला नाही. "तान्हा. तेवीस."

काकूनं सुपाकडं पाहिलं. गहू ते गहू. त्यातले कुत्र्याचे कुठले हे आता ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. आणि कानबाईच्या नावानं पडलेला दाणा उचलायचा नसतो. एक सून म्हणाली, "तान्हानी मूठ टाकू नका, म्हणजे बावीस व्हई जाई." त्यावर तान्ह्याच्या आईनं तिच्याकडं असं पाहिलं की ती सून उठून पाणी प्यायला गेली.

शनिवारी सकाळी काकांच्या ओट्यावर भावबंदांची बैठक बसली. मी चहा देण्याच्या निमित्तानं दारात उभी. तुम्हाला खोटं वाटेल, पण सात-आठ कर्ती माणसं, दोघे तर पदवीधर, दीड तास या प्रश्नावर बोलत होती की कुत्रा आमच्या कुळातला आहे की नाही.

एक म्हणाला, त्याचा जन्म पुण्याचा, तो आपला कसा? दुसरा म्हणाला, "सून बी दुसरा कुळनी ऱ्हास, ती रोट खास ना?" पहिला म्हणाला, "मंग ह्यान्हं लगीन कोणासंगे व्हयनं?" काकांनी सुचवलं की साध्या कागदावर दत्तकपत्र करावं. मजकूर त्यांच्या डोक्यात तयार होता. फक्त दत्तक घेणारा कोण हे ठरेना, कारण जो घेईल त्याच्या पोरांच्या वाटण्यांचं काय, असा एक मुद्दा निघाला. मग गुरांच्या दवाखान्यात काम करणारा चुलतभाऊ खाकरला आणि म्हणाला की मूठ फक्त पुरुषाची असते, आणि या कुत्र्याचं तर ऑपरेशन झालेलं आहे, तो आता धड पुरुष राहिलेला नाही.

सगळ्यांना मुद्दा बिनतोड वाटला. मला वाटलं आता गहू नदीत सोडतात. तेवढ्यात कोपऱ्यातून सगळ्यात म्हातारे चुलत आजोबा बोलले. ते एरवी बैठकीत झोपलेले असतात. म्हणाले, "मन्हं बी व्हयेल शे ऑपरेशन. मन्ही मूठ काढशात का?"

त्यांच्या बाजूचे आणखी दोघे तेव्हा एकदम ओट्याबाहेर बघायला लागले. विषय तिथंच मिटला. कुत्रा पुरुष ठरला, मूठ कायम झाली. फक्त तान्ह्याचा बाप म्हणाला, "मन्हा पोऱ्या कुत्राना मांगे?" भावानं आमच्या खिडकीतून उत्तर दिलं, "तो तीन वरीसना. हाऊ चार महिनाना." क्रमही कायम झाला. मग काका उठले आणि जाता जाता कारकुनी आवाजात म्हणाले की सगळ्यांनी ध्यानात ठेवावं, एक रोट जरी उरला तरी जबाबदारी ज्यानं मूठ पुकारली त्याची. म्हणजे भावाची. आता त्याला स्वतः पंगतीत बसायचं होतं, आणि कुत्र्याचा रोटही संपायला हवा होता. नाहीतर पुढल्या वर्षी दोघांचीही नावं सुपातून बाहेर. माझं डोकं असं फिरलं की चहाचे कप मी आपटतच नेले.

रविवारी कुत्र्याला आंघोळ घातली. काकूनं गोमूत्र शिंपडलं, तो शिंकला. पंगतीत उघड्या डोक्यानं बसायचं नाही, म्हणून त्याच्या डोक्याला रुमाल बांधला. कपाळाला कुंकू लावलं. एवढं झाल्यावर तो खरोखर आमच्या चुलत्यांपैकी दिसायला लागला, हे मी रागात नाही म्हणत. आईनं काकूला विनवून स्टीलच्या ताटांऐवजी पत्रावळी मांडायला लावल्या. सगळी माणसं बसली. भावाची जागा दारापाशी ठेवली होती, आणि शेजारी कुत्र्याची. वयानं तो वर बसायला हवा होता, पण त्यानं स्वतःच सांगितलं की कुत्रा जिथं, तो तिथं.

तो आला. एका हातात कुत्र्याचा पट्टा, डोळे जमिनीवर. तान्हा आईच्या मांडीवर, म्हणून मांडलेल्या बावीस पाटांपैकी आपला मोजून त्यावर बसला. मग आतून रोट आले, वर तूप, बाजूला खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. सगळ्यांनी हात जोडले, आणि बरोब्बर त्याच वेळी शेजारच्या कानबाईपुढचा स्पीकर फुटल्यासारखा सुरू झाला.

भावाचे हात कानांवर गेले. हुंकार सुरू झाला. मी दारातून बघत होते, आई माझ्यामागं खिरीचं पातेलं धरून. त्याची उजवी मूठ वळली. कुत्रा उठला, रुमालासकट त्याच्या मांडीवर आडवा पडला आणि डोकं त्याच्या पोटाला लावून निपचित राहिला. हुंकार चालूच. कुणी जेवेना, कारण सगळ्यांनी मिळून सुरुवात करायची असते. सगळ्यांचे हात रोटावर आणि डोळे त्या दोघांवर. काका उठले, मला वाटलं आता काही बोलणार, तर ते भिंतीला धरत खिडकीपाशी गेले, खिडकी लावली आणि परत येऊन बसले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग भावानं एक हात कानावरून काढून कुत्र्याच्या पाठीवर ठेवला. मग दुसरा काढला आणि रोटाचा तुकडा मोडला.

तो सगळे तुकडे एकाच मापाचे करून खातो. त्यामुळं त्याच्या एका रोटाला पाऊण तास लागला. पंगत एकदम उठते, आधी कुणी उठायचं नाही. म्हाताऱ्यांचे गुडघे धरले, एक चुलता भिंतीला टेकून घोरायला लागला, पाच वर्षांचा मुलगा आडवाच झाला. शेवटी भावाची पत्रावळ रिकामी झाली. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं झालं होतं.

आणि कुत्र्याची पत्रावळ तशीच. तान्ह्याच्या ओठाला तुपाचा तुकडा लावून त्याचा रोट त्याच्या आईनं पुरा केला होता, दुधावरच्या पोराला तेवढी सवलत आहे. कुत्र्याला सवलत नव्हती. आधी हाक मारून झालं, चुचकारून झालं. मग काकांना आठवलं की याला अहिराणी कळत नाही. ते पुढं झुकून कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "आपण भोजनास सुरुवात करावी." कुत्र्यानं माझ्याकडं पाहिलं.

मला तेव्हा आठवलं. अंगावर जॅकेट असेपर्यंत तो अन्नाला तोंड लावत नाही. कामावर असताना खायचं नाही, हे त्याला आठ महिने शिकवलंय, आणि त्यातले शेवटचे पंधरा दिवस मी स्वतः. जॅकेट काढलं की तो खाईल, पण मग तो कामावर नाही, मांडीवरून उठणार. स्पीकर तर चालूच होता. मी ते सांगितलं. राग माझाच मला आला, की एवढी शिकलेली मी, आणि हे मला तीन दिवसांत सुचलं नाही.

काका म्हणाले, "मंग रोट उरना."

"मी खासू त्यान्हा," भाऊ म्हणाला.

काकांनी मान हलवली. "दुसरानं खातस नही, भाऊ. तुले त ठाऊक शे."

"आबा मन्हा खायेत," भाऊ म्हणाला. त्यानं मान वर केली नव्हती, हात कुत्र्याच्या पाठीवर होता. "पंगतमा एक खायेत. मंग मन्ही खोलीमा ईसन मन्हा खायेत. दार लाईसन. चौदा वरीस. चौदा रोट."

आबांना साखरेचा आजार होता. एक रोट त्यांना जड जायचा, तूप तर डॉक्टरांनी बंदच केलेलं. चौदा वर्षं ते रिकामं ताट घेऊन बाहेर येत आणि आईच्या हातात देत, आणि आई ते घासताना गुणगुणायची, हे मी पाहिलेलं आहे.

आई माझ्या मागून हळूच म्हणाली, "माले वाटे, तोच खास."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. आबा त्यांचे मोठे भाऊ. दरवर्षी पंगतीत ते दोघे शेजारी बसत. मग त्यांनी कुत्र्याची पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली आणि भावापुढं ठेवली. मला म्हणाले, "तूप आन व." मी आत गेले आणि तुपाच्या बरणीशी उभी राहून रडले, आवाज न करता, कारण बाहेर तो होता. तोंड धुतलं, बरणी घेतली, बाहेर आले. भाऊ सारख्या मापाचे तुकडे करत होता. रांगेच्या टोकाला कुणीतरी गुडघा धरून उठायला लागलं.

"कोणी उठू नका," काका म्हणाले. "त्यान्हं खानं चालू शे."